मत आणि मतदान

मराठीत ‘मत’ हा एक शब्द दोन कामं करतो. बोटाला शाई लावून आपण देतो तेही मत, आणि जेवणानंतर हात धुता धुता नव्या सिनेमाबद्दल, सरकारच्या ताज्या धोरणाबद्दल किंवा फोनमधल्या नव्या करामतीबद्दल देतो तेही मत. क्रियापदसुद्धा एकच, देणे. रोजच्या बोलण्यात यानं कुणाचं काही अडत नाही. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे माझं मात्र अडतं. कन्नडमध्ये निवडणुकीतलं मत हे ‘मत’च; मतदान केंद्राला तिथे ‘मतगट्टे’ म्हणतात. पण चर्चेतल्या मताला रोजचा शब्द ‘अभिप्राय’. आणि ‘मत’चा तिथला दुसरा ठळक अर्थ धर्म किंवा पंथ. तमिळ, तेलुगू, मल्याळम या भाषांतही हा शब्द उच्चारला की आधी धर्मच आठवतो. आपल्याकडे ‘शैव मत’, ‘चार्वाक मत’ असे प्रयोग आहेत, त्यामुळे हा अर्थ मराठीलाही परका नाही. पण ‘मतांतर’ या शब्दापाशी दोन भाषांच्या वाटा पार फुटतात. मराठीत मतांतर म्हणजे वेगळं मत. ‘मतमतांतरं’ तर प्रत्येक सभेत असतात. कन्नडमध्ये मतांतर म्हणजे धर्मांतर.

या सगळ्यांच्या मुळाशी संस्कृतचा ‘मन्’ धातू आहे. त्याचा अर्थ विचार करणं, मानणं. ‘मत’ हे त्याचं भूतकाळवाचक रूप आहे, म्हणजे ज्याचा विचार होऊन गेला आहे ते. एकाच शब्दात अशा तीन गोष्टी राहतात: विचार केलेलं, मोजलेलं आणि मानलेलं. तंत्रज्ञान, राजकारण, सिनेमा यांवर आपण दिवसभर काही ना काही बोलत असतो आणि शेवटी ‘हे माझं मत आहे’ असं म्हणून थांबतो. त्या वेळी या तिघांपैकी नेमकं काय चाललेलं असतं? वरवर पाहता हा शब्दकोशाचा प्रश्न आहे. मला तो नीतीचा वाटतो.

आधी मतदानाचं पाहू. मतपेटीतलं मत गुप्त असतं. ते कुणाला दिलं हे सांगायला मला कोणी भाग पाडू शकत नाही. ते का दिलं, हे तर कोणी विचारतच नाही. उमेदवाराचं भाषण आवडलं म्हणून, त्याचं आडनाव ओळखीचं म्हणून किंवा त्याच्या विरोधकाचा राग आला म्हणून मी बटण दाबलं तरी मोजणीत त्याची किंमत एकच. ही मतदानातली उणीव नाही. मतदाराची परीक्षा घ्यायची नाही, शिक्षण आणि मालमत्ता विचारायची नाही, असं ठरवूनच प्रौढ मताधिकार राज्यघटनेत आला. सर्वांचं मत सारखं राहावं यासाठी कारणांची चौकशी बंद ठेवावी लागते.

चर्चेतलं मत नेमकं उलट असतं. ते उघड असतं, कुणाचं तरी असतं, आणि त्याला ‘का?’ असं विचारता येतं. ते कितीदाही बदलता येतं. दहा जणांचं मत एका जणाच्या मतापेक्षा दहापट खरं ठरत नाही. पण ‘हे माझं मत आहे’ हे वाक्य आपण बहुतेक वेळा कुठे वापरतो ते आठवून पाहा. समोरच्यानं कारण विचारल्यावर वापरतो. वाद रंगू लागला, आपल्याकडचे मुद्दे संपत आले, की मग ‘ते तुझं मत, हे माझं’. मतदाराला मिळालेलं संरक्षण, म्हणजे कारण न सांगण्याची मुभा, आपण हळूच चर्चेत आणतो. मतदान केंद्रातला आडोसा उचलून चव्हाट्यावर उभा करतो आणि त्यामागून बोलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की असं करणं अप्रामाणिक आहे. जो बोलतो त्याच्यावर ऐकणाऱ्याचं कारणाचं देणं लागतं. मतदाराला या देण्यातून सूट आहे. बोलणाऱ्याला नाही.

एक उदाहरण सिनेमाचं घेते. संजय लीला भन्साळी यांच्या ‘पद्मावत’बद्दल २०१७ साली देशभर मतं दिली गेली. जानेवारीत जयपूरला चित्रीकरणाच्या जागी हल्ला झाला. मार्चमध्ये आपल्या कोल्हापूरजवळ मसाई पठारावर उभारलेला सेट जाळला गेला. चित्रपटाचं नाव ‘पद्मावती’चं ‘पद्मावत’ झालं, काही राज्यांनी बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं ती अडवली, आणि २५ जानेवारी २०१८ रोजी तो पडद्यावर आला. त्याआधीचं वर्षभर चित्रपट बहुतेकांनी पाहिलेलाच नव्हता. ज्या मलिक मुहम्मद जायसीच्या काव्यावरून तो घेतला ते सोळाव्या शतकातलं, अवधी भाषेतलं. तेही फार थोड्यांनी वाचलेलं. यात एक फरक मात्र नीट करायला हवा. चित्रपट दाखवू द्या, असं म्हणायला तो पाहिलेला असण्याची गरज नव्हती. ते अभिव्यक्तीच्या हक्काबद्दलचं मत होतं आणि त्याची कारणं चित्रपटाबाहेर होती. तो अपमानकारक आहे किंवा तो अभिजात कलाकृती आहे, असं म्हणायला मात्र पाहणं भाग होतं. दोन्ही बाजूंच्या पुष्कळ लोकांनी न पाहताच या दुसऱ्या जातीची विधानं केली. ती विचार केलेली मतं नव्हती. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे सांगणारं ते मतदान होतं. जाळपोळ करणाऱ्यांपुरतं तर ते मानलेलं मत, म्हणजे कन्नड अर्थानं ‘मत’ झालेलं होतं.

तंत्रज्ञानाबद्दल मला स्वतःलाच वारंवार मत विचारलं जातं. यंत्र अनुवादकाची जागा घेणार का? गूगलच्या अनुवाद-सेवेत मराठी २०१३ साली आली; गोव्याची कोंकणी, संस्कृत, मैथिली, डोगरी या भाषा २०२२ साली आल्या. तेव्हापासून प्रत्येक साहित्यिक कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो, आणि श्रोते आधीच दोन गटांत बसलेले असतात. एका गटाला ऐकायचं असतं की यंत्राला हृदय नाही, त्याला हे कधीच जमणार नाही. दुसऱ्याला ऐकायचं असतं की सगळं संपलं. कोणतंही उत्तर दिलं तरी अर्ध्या सभागृहात टाळ्या ठरलेल्या. माझ्याकडे मात्र एकच छोटं उदाहरण असतं. कन्नडमध्ये ‘नावु’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत त्यासाठी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, एकात ऐकणारा वगळलेला आणि दुसऱ्यात धरलेला. एखादं पात्र ‘नावु’ म्हणतं तेव्हा ते समोरच्याला आपल्यात धरतं की नाही, हे मला ठरवावं लागतं. मागच्यापुढच्या पानांवर खूण असेल तर यंत्रही ते ओळखू शकेल, आणि पुष्कळदा ओळखतं. लेखकानं ते संदिग्धच ठेवलेलं असेल तर मी निवड करते, आणि वाचकानं पत्र लिहून विचारलं तर उत्तर द्यायला मी असते. माझ्या मते फरक इथे आहे: निवडीबद्दल विचारायला समोर कोणी आहे की नाही, यात. हृदय असण्या-नसण्याशी त्याचा संबंध कमी. हे उत्तर दोन्ही गटांना आवडत नाही, कारण त्यावर टाळी वाजवता येत नाही. उद्या कोणी वेगळी खात्रीची माहिती दाखवली तर ते मला बदलावं लागेल. ज्या मताबद्दल ‘कशानं बदलेल?’ याचं उत्तर बोलणाऱ्यापाशी नाही, त्याचा विचार अजून झालेला नाही, असं मी समजते.

इथे एक गंभीर हरकत येते, आणि ती मला टाळायची नाही. ‘कारणं असतील त्यांनीच बोलावं’ असं म्हटलं की त्याचं ‘अधिकार असेल त्यांनीच बोलावं’ व्हायला वेळ लागत नाही. या देशात अधिकार हा शब्द काय करू शकतो हे आपल्याला ठाऊक आहे. शूद्रांना तो नाही, स्त्रियांना तो नाही, या एका वाक्यानं कित्येक पिढ्यांची तोंडं बंद ठेवली गेली. मग ज्यांना आत्ता कुठे बोलायला मिळालं आहे त्यांना ‘आधी अभ्यास करा’ असं सांगणारी मी कोण?

या हरकतीचं उत्तर मला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्याकडे सापडतं. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. त्यानिमित्तानं वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतीवर भराभर मतं दिली जाऊ लागली. ‘पुणे वैभव’ हे त्यांतलं एक पत्र. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. ती १८८२ साली पुण्यात छापली गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर एका बातमीवरची ती प्रतिक्रियाच होती. सुरतेचा खटला त्यांच्यापासून दूरचा, कायद्याचं शिक्षण नाही, आणि त्या काळाच्या मापानं बोलण्याचा अधिकार तर अजिबात नाही. पण पुस्तक वाचताना जाणवतं की त्या एकही आरोप तसाच सोडत नाहीत. स्त्रियांवर जो दोष ठेवला जातो तो एकेक करून उचलतात आणि तोच पुरुषांत किती आहे ते दाखवतात. संताप भरपूर आहे, पण संतापाच्या पोटात कारणं आहेत. उलट ज्यांना बोलण्याचा परंपरागत अधिकार होता त्या संपादक मंडळींनी मात्र एका बाईवरून सगळ्या स्त्रीजातीवर निकाल दिला होता. ताराबाईंच्या बाजूनं जोतीराव फुले ‘सत्सार’मधून उभे राहिले. नंतर हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणेपर्यंत.

तेव्हा अधिकार आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेकदा त्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या असतात. अधिकार माणसाकडे पाहतो, कारण विधानाकडे. न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची चर्चा करताना कुणाचा शब्द विश्वासार्ह मानावा हा प्रश्न येतो. सूत्रांवरचा भाष्यकार वात्स्यायन तिथे दोन कसोट्या लावतो: त्या माणसाला ती गोष्ट स्वतः ठाऊक असावी, आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू आहे. जन्माचा आणि पदवीचा प्रश्न त्यानं तिथेच मिटवला आहे. या कसोटीवर ताराबाई उतरतात. पुष्कळ संपादक, प्राध्यापक आणि अनुवादक उतरणार नाहीत.

राजकारणाकडे येते. बंगळूरला राहून मराठीत लिहिणाऱ्या माणसाची एका प्रश्नातून सुटका नसते. पुण्यात विचारतात, ‘बेळगावबद्दल तुमचं मत काय?’ बंगळूरला विचारतात, ‘बेळगावीबद्दल तुमचा अभिप्राय काय?’ मी उत्तरात गावाचं कोणतं नाव उच्चारते याकडेच दोन्हीकडे कान असतात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. इतकी वर्षं या एका जिल्ह्यावर दोन राज्यांतल्या माणसांना ठाम मतं आहेत. त्यांतल्या अनेकांनी ते गाव पाहिलेलं नाही.

माझी आत्या तिथे राहते. घरात मराठी, बाजारात कन्नड, बँकेत दोन्ही. मागे एकदा सीमाप्रश्न पेटला होता तेव्हा मी फोन केला. म्हणाली, “तुमच्या पुण्यातल्यांचं एक मत असतंय, बंगळूरच्यांचं एक असतंय. असू दे की. पण बस आमची बंद पडतीया बघ, त्यांची नाही.” मी विचारलं, “आत्या, मग तुमचं मत काय?” थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्याकडं तीन मतं हाईत. कुठलं देऊ?”

तिच्या या उत्तरात टाळाटाळ नव्हती. ज्याच्या अंगावर प्रश्न येतो त्याला त्याच्या तीनही बाजू दिसतात. लांबच्या माणसाला एकच दिसते, आणि म्हणूनच त्याचा आवाज मोठा लागतो. मताचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. इंग्रज तत्त्वचिंतक क्लिफर्ड यानं १८७७ साली लिहिलेल्या एका निबंधात जहाजमालकाचा दाखला आहे. जहाज जुनं झालंय अशी शंका त्याला आलेली असते, पण तो मनाची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. त्याचा विश्वास खरा असतो. तो खोटं बोलत नसतो. जहाज बुडतं, माणसं मरतात, आणि विम्याचे पैसे त्याला मिळतात. क्लिफर्ड त्याला दोषी धरतो, आणि जहाज तरलं असतं तरी दोषीच धरलं असतं असंही सांगतो. कारण ते मत बाळगण्याचा हक्कच त्यानं कमावला नव्हता. हे मला फार कठोर वाटत असे. पण १ जुलै २०१८ या दिवशी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं, त्यानंतर तसं वाटेनासं झालं. फोनवरून फिरणारी ती अफवा होती, मत नव्हतं, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण ती अफवा इतक्या सहज खरी का वाटली? कारण वेशीवर आलेल्या भटक्या माणसाबद्दलचं एक मत त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं, आणि त्याला ‘का?’ असं कोणी विचारलेलं नव्हतं. तो निरोप पुढे ढकलणाऱ्यांतल्या अनेकांना आपण काळजीच घेतोय असं वाटलं असेल. जहाजमालकालाही तसंच वाटलं होतं.

मग कायद्यानं कारणं मागावीत का? मुळीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ हातात असताना काय झालं ते पालघरला २०१२ साली दिसलं. शहर बंद राहण्याबद्दल एका तरुणीनं दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं त्यांना पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. त्या निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या केल्या आहेत; पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना हात लावता येणार नाही, असा त्याचा आशय. मला हे पूर्ण मान्य आहे. पोलिसानं माझ्याकडे कारण मागू नये. पण पोलीस मागत नाही याचा अर्थ ते देणं फिटलं असा होत नाही. कायदा जितका मागे सरतो तितकी जागा नीतीसाठी मोकळी होते, आणि ती आपण भरायची असते. आपण ती भरली नाही, तर कोणी तरी कायदा पुन्हा पुढे आणण्याची मागणी करतोच.

राहिला मौनाचा प्रश्न. मतदानात २०१३पासून ‘नोटा’चं बटण आहे. चर्चेत तसं बटण नाही. ‘मला यावर मत नाही’ असं म्हणणारा माणूस भित्रा किंवा आतल्या गाठीचा समजला जातो. कधी कधी तो तसा असतोही. पण ‘मला माहीत नाही’ आणि ‘मला माहीत आहे पण बोलायचं नाही’ ही दोन मौनं वेगळी आहेत. पहिलं प्रामाणिक आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. दुसऱ्याचा हिशेब द्यावा लागतो. ताराबाईंच्या काळात विजयालक्ष्मीसारख्यांचं दुःख जवळून पाहिलेली माणसं थोडी नव्हती; लिहिलं एकीनं. ज्याच्यापाशी कारण आहे त्याच्यावर बोलण्याचंही देणं आहे, हे मी इतका वेळ जे मांडलं त्याचंच दुसरं टोक.

अनुवादकाच्या धंद्यात एक सवय लागते, ती मला या बाबतीत उपयोगी पडते. जे मला पटत नाही तेही मला माझ्या भाषेत, त्या माणसाच्या पूर्ण ताकदीनं लिहावं लागतं. ज्या पात्राचा मला तिटकारा आहे त्याचं वाक्य मी मुद्दाम लुळं केलं तर तो अनुवाद खोटा. जुन्या वादपद्धतीत याला पूर्वपक्ष म्हणत: आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, मग त्यावर बोलायचं. सिनेमा असो, यंत्र असो की सीमाप्रश्न, बोलण्याआधी मी पाहते की विरुद्ध बाजूच्या माणसानं ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं म्हणावं इतपत त्याचं म्हणणं मला सांगता येतं का. आलं, की मग माझं बोलते. पुष्कळदा तेवढ्यातच माझं मत थोडं हललेलं असतं.

मराठीत याला मतांतर म्हणायला अजून हरकत नाही. मत बदललं म्हणून आपल्याकडे कोणी प्रायश्चित्त मागत नाही, की जातीबाहेर टाकत नाही. निदान शब्दकोशात तरी तसं नाही. रोजच्या व्यवहारात मात्र चित्र पालटू लागलं आहे. नेता, नट किंवा फोन बदलला तरी ‘तू असा कसा फिरलास?’ असं माणसं दुखावून विचारतात. हा प्रश्न धर्मांतर केलेल्याला विचारला जातो तसा विचारला जातो. कन्नड आणि मराठी या शब्दाच्या बाबतीत जवळ येत असतील, तर अनुवादक म्हणून माझं काम सोपं होईल. तसं ते होऊ नये, असं मला वाटतं.